अल्पमतातले गुरुजी

डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पहाटे पुण्यात झोपेतच गेले. वय ८६. त्यानंतर त्यांच्यावर भरभरून लिहिले गेले, आणि ते रास्तच होते. केंब्रिजचे सीनियर रँग्लर, पद्मविभूषण, ‘आयुका’चे संस्थापक संचालक, विज्ञानकथाकार, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. या बिरुदावलीत त्यांचा एक मोठेपणा मात्र झाकला जातो, असे आम्हाला वाटते. विश्वरचनेच्या अभ्यासात नारळीकर जवळजवळ आयुष्यभर अल्पमतात राहिले. आणि ज्यांना त्यांनी शिकवले, हाताशी धरले, त्यांनी आपल्याच बाजूला यावे असा हट्ट त्यांनी कधी केला नाही.

हा संस्कार त्यांना कुठे मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८चा. बालपण काशीत गेले. वडील विष्णुपंत हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरातल्या फळ्यावर मोरूमामा हुजूरबाजार भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. उत्तर सांगायची घाई कोणी करत नसे. १९५७ मध्ये हा मुलगा केंब्रिजला गेला आणि पुढे फ्रेड हॉइल यांचा संशोधक विद्यार्थी झाला.

हॉइल यांचा स्थिर स्थिती सिद्धान्त सांगत होता की, विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते आणि त्यात नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते. मार्टिन राइल यांनी १९६१ च्या फेब्रुवारीत रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून हा सिद्धान्त मोडीत निघाल्याचे जाहीर केले. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर द्यायचे होते. हॉइल त्या दिवशी दुसरीकडे बांधलेले होते, म्हणून त्यांनी नारळीकरांना उभे केले. संशोधनाला लागून नारळीकरांना तेव्हा वर्षही झाले नव्हते. स्वतःच्या सिद्धान्ताची अब्रू पणाला लागलेली असताना ती बाविशीच्या पोराच्या हाती सोपवणारा गुरू किती जणांच्या वाट्याला येतो? नारळीकर बोलले, मुद्देसूद बोलले, आणि तो प्रसंग पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

१९६४ मध्ये या दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला तेव्हा जगभर गाजावाजा झाला, आणि १९६५ मध्ये सव्विसाव्या वर्षी नारळीकरांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेल्या पार्श्वभूमी प्रारणाची बातमी आली. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला, या विरोधी मताच्या बाजूचा तो सर्वांत वजनदार पुरावा होता. एकेक करून बहुतेक शास्त्रज्ञ तिकडे गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुनी मांडणी दुरुस्त करून पुन्हा पुढे ठेवली. २००० मध्ये तिघांचा ग्रंथ आला आणि पुढच्याच वर्षी हॉइल वारले. शिष्य म्हणून सुरू झालेले ते नाते चाळीस वर्षांच्या मैत्रीचे झाले होते.

इथे स्पष्ट बोलायला हवे. नारळीकरांनी महास्फोट खोटा ठरवला, अशा अर्थाचे लेखन श्रद्धांजलीच्या भरात फिरते आहे. ते खरे नाही. पुराव्याचे पारडे दुसऱ्या बाजूलाच झुकले आणि आजही तसेच आहे. त्यांच्या आक्षेपांमुळे प्रचलित मताच्या पुरस्कर्त्यांना आपली गृहीतके पुन्हा तपासावी लागली, हे काम लहान नव्हते. पण नारळीकरांसारख्या माणसाला आदरांजली वाहताना तरी आपण पुराव्याशी प्रामाणिक राहिले पाहिजे.

१९७२ मध्ये ते भारतात परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. अजित केंभावी आणि थाणू पद्मनाभन हे तिथले त्यांचे विद्यार्थी. पुढे यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना विद्यापीठांसाठी खगोलशास्त्राचे एक सामाईक केंद्र काढायचे ठरले, आणि १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका सुरू झाली. नरेश दधीच आणि केंभावी पहिल्यापासून बरोबर होते. संस्थापक संचालकाला ही संस्था आपल्या सिद्धान्ताचा मठ बनवता आली असती. पदही होते, पैसाही होता, नावही होते. घडले उलटेच. पद्मनाभन तिथे आले आणि प्रचलित विश्वरचनाशास्त्रावरचे त्यांचे ग्रंथ जगभरचे विद्यार्थी वाचू लागले. ज्या पार्श्वभूमी प्रारणाने गुरूच्या सिद्धान्ताला धक्का दिला, त्याचाच बारकाईने अभ्यास त्याच इमारतीत झाला. संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरी ओळखण्याच्या पद्धतींवर तिथे काम केले, तेव्हा अशा लहरी कधी सापडतील याची कोणालाच खात्री नव्हती. संचालकाचे मत एक, संस्थेत होणारे काम दुसरे, आणि त्यात कोणाला काही अवघड वाटू नये, हे आपल्याकडे किती दुर्मीळ आहे ते विद्यापीठांत वावरणाऱ्यांना सांगायला नको. मार्गदर्शकाच्या मताविरुद्धचा निष्कर्ष प्रबंधात लिहिताना आजही अनेकांचा हात अडखळतो.

आयुकाचा खरा धर्म होता तो विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांना संशोधनाचे दार उघडून देणे. आठवडाभर तासांचे ओझे वाहणाऱ्या, चांगले ग्रंथालय जवळ नसलेल्या एखाद्या प्राध्यापकाने सुटीत पुण्याला यावे, नियतकालिके, संगणक, निरीक्षणांची माहिती वापरावी, बरोबरीच्या नात्याने चर्चा करावी आणि परत जाऊन आपल्या वर्गाला शिकवावे. देशभरचे असे सहयोगी शिक्षक ही नारळीकरांची सर्वांत मोठी शिष्यशाखा आहे, आणि तिच्यातल्या बहुतेकांची नावे कोणत्याच श्रद्धांजलीत येणार नाहीत.

२००३ मध्ये निवृत्तीच्या वेळी त्यांनी सूत्रे दधीच यांच्याकडे दिली, त्यांच्यानंतर केंभावी आले. २०२१ मध्ये पद्मनाभन गेले, अवघ्या ६४व्या वर्षी. २०२३ च्या जुलैत पत्नी मंगलाताई गेल्या. स्वतः गणिती असलेल्या आणि मुलांना गणिताची गोडी लावणाऱ्या मंगलाताई. शेवटच्या वर्षांत सरांनी हे दोन्ही घाव सोसले.

मतभेदाकडे पाहण्याची त्यांची रीत समाजातही तीच होती. फलज्योतिषाला त्यांचा विरोध जाहीर होता, तरी त्यांनी ज्योतिषांना चाचणीसाठी बोलावले. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, त्यांत अचूक सुमारे ४६ टक्के आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून सगळ्यांसमोर ठेवले.

मराठीवरचे त्यांचे ऋण वेगळे सांगायला हवे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, म्हणजे आपलीच आद्याक्षरे उलटी करून. परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये एवढाच हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाला अध्यक्ष असूनही प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, त्यावर बरीच टीका झाली. ती टीका अनुदार होती.

आणि पोस्टकार्डे. व्याख्यानानंतर मुले सहीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा सर सही देत नसत. प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल, असे सांगत. मुले पाठवत, आणि उत्तरे खरोखर येत. सहीच्या मोबदल्यात त्यांनी मुलांकडून विचार करण्याचे कष्ट मागितले आणि स्वतःचा वेळ दिला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येकांच्या घरी अशी पत्रे असतील. एका पिढीतल्या मराठी मुलांना आकाशाविषयी कोणते प्रश्न पडले होते, याची ती नोंद आहे. ही पत्रे गोळा करून, त्यांच्या प्रती काढून जतन करण्याचे काम आयुकाने किंवा मराठी विज्ञान परिषदेने हाती घ्यावे. आणि ज्या वाचकांकडे असे पोस्टकार्ड असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.