गळ, जाळें आणि विवेक

मासे धरणें हा उद्योग वरकरणीं सोपा दिसतो. काठी घेतली, दोरा बांधला, गळास गांडूळ लाविलें कीं झालें, असा पुष्कळांचा समज असतो. हल्लीं तर परदेशी बनावटीच्या गळकाठ्या घरबसल्या मागवितां येतात, आणि काठी जितकी महाग तितका मासा मोठा, असें मानून मुलें वडिलांजवळ हट्ट धरितात. आमच्या मतें हा क्रमच उलटा आहे. प्रथम पाणी ओळखावें, मग मासा ओळखावा, आणि साधन सर्वांच्या शेवटीं निवडावें.

आपल्या बीड जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते; बालाघाटच्या डोंगरांत मांजरा व सिंदफणा उगम पावतात; बिंदुसरा तर बीड शहरांतूनच जाते. माजलगांव व धनेगांव येथील धरणांनीं विस्तीर्ण जलाशय निर्माण केले आहेत. धरणाच्या संथ पाण्यांत कटला, रोहू व मृगळ एकत्र नांदतात, परंतु तिघांची पंगत निरनिराळी. कटल्याचें तोंड वर वळलेलें, म्हणून तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहू मधल्या थरांत चरतो. मृगळाचें तोंड खालच्या अंगास, म्हणून तो तळ धुंडाळतो. तेव्हां कणकेची गोळी किती खोल सोडावयाची, हें दोऱ्यावर बूच कोठें बांधलें आहे त्यावर ठरतें, काठीच्या किंमतीवर नव्हे. शेवाळलेल्या पाण्यांतील मरळ मांसाहारी आहे. त्यास लहान मासळी किंवा बेडूकच हवा, आणि पाणवनस्पतींच्या गुंत्यांतून त्यास ओढून काढण्यास दोराही जाड हवा. वाम दिवसा कपारींत दडते व रात्रीं बाहेर पडते. तिच्यासाठीं गळ तळाशीं सोडावा लागतो. भोई मंडळीस हें ज्ञान पुस्तकावांचून पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे.

पाश्चात्य देशांत एक निराळी पद्धत रूढ आहे. तींत पिसें व दोरे गुंडाळून माशीसारखा केलेला गळ वापरतात. हा गळ इतका हलका असतो कीं तो आपल्या वजनानें दूर जात नाहीं. म्हणून दोरीच वजनदार करितात आणि तिला साजेल अशी काठी घेतात. लहान ट्राउट माशास ४ किंवा ५ क्रमांकाची काठी पुरते, तर बलाढ्य महाशिरास ८ ते १० क्रमांकाची लागते. आपल्या दख्खनच्या महाशिरास 'खुद्री' हें शास्त्रीय नांव कर्नल साइक्स ह्यांनीं १८३९ सालीं पुण्याजवळील मुळा-मुठेच्या माशावरून दिलें. नितळ, वाहत्या पाण्यांत ही पद्धत शोभते, कारण तेथें मासा डोळ्यांनीं भक्ष्य हेरतो. पावसाळ्यांतील गढूळ सिंदफणेच्या कांठीं मात्र तीच मौल्यवान काठी निरुपयोगी ठरेल.

परंतु निवडीचा खरा कस लागतो तो जाळ्याच्या छिद्रांत, म्हणजे आसांत. मोठ्या आसाचें जाळें लहान माशास जाऊं देतें. मच्छरदाणीसारखें बारीक जाळें पिलांसही सोडीत नाहीं. पहिल्या पुरांत अनेक मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या वेळीं ओढ्याच्या तोंडाशीं जाळें आडवें लावणें म्हणजे पेरणीचें बियाणें दळून खाणें होय. मरळाचीं आईबापें पिलांची राखण करितात. त्यांस पकडलें कीं पिलें इतरांच्या तोंडीं पडतात.

आपला मुलूख अवर्षणाचा आहे. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पाणी आटूं लागलें कीं मासे उरल्यासुरल्या डोहांत दाटतात, आणि तेथें अडाण्याचें जाळेंही भरून निघतें. अशा वेळीं कौशल्याची नव्हे, संयमाची परीक्षा असते. कोणी म्हणेल, ज्याचें पोट मासळीवर आहे त्यानें संयम कोठून आणावा? प्रश्न रास्त आहे. परंतु डोह साफ झाला तर पुढच्या वर्षीं पहिली उपासमार त्याच घराची होईल. आणि जो केवळ हौसेखातर गळ टाकतो, त्यास तर ही सबबही नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, महाग काठी घेऊन देण्यापूर्वीं मुलास पोहणें शिकवावें, आणि जाणत्या भोयाजवळ बसून पाणी न्याहाळण्यास लावावें. त्यानंतर वेळूची साधी काठी पुष्कळ झाली. विद्यार्थिमित्रांनो, गळास लहान मासा लागला तर हात ओला करून त्यास अलगद सोडवा व पुन्हां पाण्यांत जाऊं द्या. पुढच्या पावसाळ्यांत नदींत मासे असतील कीं नाहीं, हें कांहीं अंशीं तुमच्याही हातीं आहे.