सुवर्णपदक आणि वर्णनात्मक नोंद

गोंदियात ९ फेब्रुवारीला मनोहरभाई पटेल यांच्या जयंतीनिमित्त गोंदिया-भंडाऱ्यातील गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. मनोहरभाईंनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. धानाच्या पट्ट्यातल्या पोराला भरल्या मंडपात पदक मिळते, ही मोठीच गोष्ट. मात्र हे पदक परीक्षेच्या गुणांवर मिळते.

गुणांपलीकडचे पाहण्याची सोय राज्याने २०१० मध्येच केली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली ते आठवीपर्यंत लेखी चाचणीच्या जोडीला तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प मोजले जातात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणालाही श्रेणी असते. शिक्षकाने प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद ठेवायची असते. प्रत्यक्षात बऱ्याच वह्यांत ‘उपक्रमात सहभागी होतो’ हे एकच वाक्य पानोपान उतरते. (तयार नोंदींच्या पुस्तिकाही बाजारात मिळतात!) २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील समग्र प्रगतिपत्रकात मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापनही येते.

अशा नोंदीला गोंदियात विषयांचा तुटवडा नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे, तोही धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांकाठी. सारसाचे घरटे ओळखणारा मुलगा, दंडार या लोककलेत ठेका धरणारी मुलगी यांचे कौशल्य नावानिशी त्या वहीत लिहिता येते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.