विंचवाचं बिऱ्हाड आणि पुणेरी पलटण

३१ ऑक्टोबर २०२५ ची रात्र. जेवणं लवकर आटपून आमच्या ओटीवर सात-आठ माणसं जमली होती. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना होता, पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. किहीमला आमच्या आळीत क्रिकेट बघणारे पुष्कळ आहेत, पण कबड्डी म्हटलं की म्हातारीकोतारीसुद्धा पदर सावरून पुढे येऊन बसतात. टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसला होता शेजारचा नववीतला पोरगा. हा डावा कोपरा खेळतो. मला आजोबा म्हणतो, आणि पलटण हरली की दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, जणू काही संघ मीच निवडला होता!

सामना ३१-२८ असा गेला. आदित्य शिंदे एकटा झुंजत होता, दहा गुण घेतले त्यानं. आणि शेवटच्या मिनिटात त्याला पकडलं कोणी, तर फझल अत्राचलीनं. हाच फझल कधीकाळी यू मुंबाचा कर्णधार होता आणि २०२२ साली पुणेरी पलटणचाही. आमच्या पोराचा तो देव. खोलीच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, तोही पुण्याच्या पोशाखातला. पोरगा उठला, चपला घातल्या आणि दारात वळून म्हणाला, "आजोबा, तुम्ही म्हणाला होतात, पलटण फायनलला गेली की मला न्याल."

म्हणालो होतो खरा. त्याचीच ही गोष्ट, आणि त्यातून आलेला हा राग.

डिसेंबर २०२४ मध्ये अकराव्या हंगामाचा शेवटचा टप्पा पुण्यात बालेवाडीला होता. अलिबागहून एस्टी पकडून मी त्याला घेऊन गेलो. तोवर पलटणचं त्या हंगामात काही खरं राहिलं नव्हतं, बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही. पण घरच्या प्रेक्षागृहात "पलटण, पलटण" असा घोष उठला तेव्हा पोराच्या अंगावर काटा आलेला मी बघितला. त्या वर्षी अंतिम सामनाही बालेवाडीलाच झाला. हरियाणानं पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. पुण्याच्या मैदानात पुण्याचं कोणी नाही. परतीच्या गाडीत मी त्याला शब्द दिला, "पुढच्या वर्षी पलटण वर येईल, तेव्हा परत येऊ."

पुढच्या वर्षी पलटण वर आली. साखळीत पहिला नंबर! आणि सामने कुठे झाले? विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. बारा संघ, प्रत्येकाचे अठरा साखळी सामने, वर बाद फेरी. या सगळ्या जत्रेतला एकही सामना महाराष्ट्रात झाला नाही. ना मुंबईत, ना पुण्यात. पुणं अंतिम फेरीत पोचलं तेव्हा सामना दिल्लीत, दिल्लीशी, दिल्लीकरांच्या ओरड्यात. पुण्यात अंतिम सामना तेव्हा पलटण नाही, आणि पलटण अंतिम सामन्यात तेव्हा पुणं नाही. योगायोग म्हणून हसून सोडून देता येईल. मला ते हसू येत नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर, म्हातारपणी हे काय घेऊन बसलात? सामना सामना असतो, मॅट सगळीकडे सारखीच.

सारखी नसते. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पण लहान शाळेत ज्याला शिट्टी वाजवता येते तोच क्रीडाशिक्षक. त्यामुळे कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात पडला आणि तालुक्यातल्या गावोगावच्या पटांगणांवर मी पोरं घेऊन हिंडलो. आमच्या पटांगणात, फक्कीच्या रेघांच्या आत, आमच्या पोरांनी ज्या संघाला दोन लोण चढवले, त्याच संघासमोर त्यांच्या गावात आमची पोरं पांगळी व्हायची. गडी तेच, डावपेच तेच. पण तिसऱ्या चढाईला जाणाऱ्या पोराच्या कानात चारी बाजूंनी परक्यांची हाळी घुमत असेल, तर त्याचा पाय निदानरेषेकडे उचलत नाही. आणि घरच्या मैदानात तीन गडी उरलेले असतानासुद्धा पोरं अंगावर झेप घेऊन अव्वल पकड करतात. कारण पलीकडे आई बसलेली असते, चुलता बसलेला असतो, उद्या बाजारात भेटणारा कोळी बसलेला असतो. घरचं मैदान म्हणजे हे. स्पर्धेतला तो आठवा गडी आहे, आणि आयोजकांनी तो महाराष्ट्राच्या दोन्ही संघांकडून काढून घेतला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल म्हातारा परप्रांतीयांवर घसरला. मुळीच नाही. २०१५ साली यू मुंबानं बंगळुरूला ३६-३० असं हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा कर्णधार अनुप कुमार होता. हरियाणाचा माणूस. पण तो सामना मुंबईत झाला आणि त्या रात्रीपासून अनुप आमचा झाला. आमच्या इथली पोरं त्याच्यासारखं शांत उभं राहून बोनस घ्यायला शिकली. फझल तर इराणचा. माणूस कुठून आला यावर तो आपला होत नाही, तो आपल्यासमोर खेळला की आपला होतो. उलट २०२५ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून महाराष्ट्राचाच अजिंक्य पवार खेळत होता आणि आम्ही त्याची पकड व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. त्यात वावगं काही नाही. संघ म्हणजे जात किंवा प्रांत नव्हे, संघ म्हणजे जागा. ती जागाच काढून घेतलीत, तर उरतं काय? पोशाखाचा रंग आणि लिलावाची यादी.

लिलावाचंही बघा. मोहम्मदरझा शादलूईला पुण्यानं दहाव्या हंगामासाठी २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणनं हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात शादलूई हरियाणात, तिथेही विजेता. त्याच्या पुढच्या हंगामात गुजरातमध्ये. खेळाडूला चार पैसे जास्त मिळाले याचा मला आनंदच आहे. माझ्या काळात उत्तम चढाई करणाऱ्या पोराला फार तर एक चषक, एक पितळी तांब्या आणि नशीब असलं तर रेल्वेत किंवा बँकेत नोकरी मिळायची. नाही मिळाली तर होडी आहेच. प्रो कबड्डीनं २०१४ पासून हे चित्र बदललं, हे कबूल न करणं हा कृतघ्नपणा होईल. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार गरिबीतून येऊन पुण्याचा कर्णधार होतो आणि चषक उचलतो, ही गोष्ट मी पोरांना दहादा सांगितली आहे. पण गडी दर एक-दोन वर्षांनी बदलणार आणि मैदानही बदलणार असेल, तर प्रेम करायचं कोणावर? माणसं बदलत असताना घर तरी एका जागी लागतं. घरात लेकी-सुना येतात-जातात, पण उंबरा तोच असतो म्हणून ते घर.

आयोजकांची बाजू मला समजत नाही असं नाही. बारा शहरांत मॅट, दिवे, कॅमेरे, माणसं फिरवायची म्हणजे खर्च आला. चार शहरांत उरकलं की हिशेब बरा बसतो. करोनाच्या वर्षी सगळा हंगाम बंगळुरूत बंद दाराआड झाला, तेव्हा कोणी तक्रार केली नाही, करण्यासारखी वेळच नव्हती. पण दहाव्या हंगामात हेच सामने बारा शहरांत झाले होते, पुण्यात आणि मुंबईतही. म्हणजे जमतं. मग अकराव्यात तीन शहरं आणि बाराव्यात चार. या चारांपैकी प्रत्येक शहर कुठल्या ना कुठल्या संघाचं घर, म्हणजे चार संघांना घरचा ओरडा मिळाला आणि आठांना नाही. याला बरोबरीची स्पर्धा म्हणायचं? आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत असा कार्यक्रम काढला असता तर पंचांना गावाबाहेर पडणं मुश्किल झालं असतं.

माझी भाची अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असते. तिच्याकडून तिथल्या एका फुटबॉल संघाबद्दल कळलं. (त्यांचं फुटबॉल म्हणजे बहुतेक वेळ हातात चेंडू घेऊन पळणं. कबड्डीवाल्याला ते आपल्यापेक्षा लवकर कळेल.) ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, म्हणजे आपल्याकडचं एखादं जिल्ह्याचं ठिकाण धरा. त्याचा पॅकर्स हा संघ न्यूयॉर्क, शिकागोच्या संघांशी खेळतो. मालक कोण? पाच लाखांहून जास्त सामान्य माणसं. १९२३ पासून ही पद्धत आहे. त्या भागावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, मिळतं फक्त भिंतीवर लावायला कागद. तरी लोक घेतात. हंगामाच्या तिकिटांसाठी लाखाहून जास्त नावं प्रतीक्षेत आहेत. आणि त्या देशात प्रत्येक संघाच्या सतरा साखळी सामन्यांपैकी आठ-नऊ सामने त्याच्या यजमानपदाखाली ठरतात. तिथला धंदा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, मालक आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत. पैसा कसा मिळवायचा हे त्यांना आपल्याकडून शिकायचं नाही. तरीही त्यांनी घर सोडलं नाही, कारण त्यांना ठाऊक आहे की टीव्हीवर बघणाऱ्यालासुद्धा भरलेलं घरच बघायचं असतं.

तिथेही घर मोडणारे निपजले. १९९५ च्या हंगामानंतर क्लीव्हलँडच्या मालकानं आपला संघ उचलून बाल्टिमोरला नेला. गावानं एवढा गहजब केला की संघाचं नाव, रंग आणि इतिहास गावाकडेच ठेवावा लागला आणि १९९९ मध्ये त्याच नावाचा संघ गावाला परत मिळाला. आमच्याकडे पुणेरी पलटणचा एकही सामना पुण्यात झाला नाही आणि आपण काय केलं? मोबाइल उघडून गुण बघितले.

माझा राग आयोजकांवर आहे, त्याहून जास्त आपल्यावर आहे. हा खेळ आपण देशाला नियम घालून दिलेला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तो जगाला दाखवला. शंकरराव साळवींसारख्या माणसानं त्याच्यासाठी आयुष्य वेचलं. पुरुषांच्या मैदानाला तेरा मीटर लांबी आणि दहा मीटर रुंदी पुरते. चेंडू नको, बॅट नको, जाळी नको. जगात इतक्या कमी जागेत आणि इतक्या कमी सामानात होणारा सांघिक खेळ दुसरा दाखवा. आणि नेमक्या याच खेळाला २०२५ साली उभ्या महाराष्ट्रात जागा मिळाली नाही!

मागायचं तरी फार काय आहे? प्रत्येक संघाला त्याच्या राज्यात निदान चार-पाच सामने हक्कानं मिळावेत. अंतिम सामना कोणत्याही संघाच्या घरी नको, किंवा मग साखळीत जो पहिला आला त्याच्या घरी ठेवा. आणि पुण्या-मुंबईच्या संघमालकांनी हंगामाआधीचा एखादा सराव सामना तरी अलिबागला, रोह्याला, महाडला खेळावा. मॅट ट्रकमध्ये मावते. माणसं जमवायचं काम आमच्याकडे द्या. रायगडात थंडीच्या दिवसांत गावोगाव प्रकाशझोतात स्पर्धा होतात, तिथली गर्दी एकदा येऊन बघा. पलटणनं "युवा पलटण" काढून तरुण पोरं घडवली, हे चांगलंच केलं. पण पोरं नुसती प्रशिक्षणानं घडत नाहीत. दहा हातांवरून मोठा खेळाडू बघितला, त्याच्या घोट्याची पट्टी बघितली, दम लागलेला ऐकला, की पोरगं घडतं.

आमच्या आळीतलं जुनं पटांगण काही वर्षांपूर्वी विकलं गेलं. तिथे आता शनिवार-रविवारी येणाऱ्या कोणाचा तरी बंगला आहे, सुरूची झाडं आहेत आणि भिंतीवर काचा लावलेल्या आहेत. पोरं आता ओहोटीच्या वेळी पुळणीवर रेघा मारून खेळतात आणि भरती आली की घरी येतात. त्यांना मी सांगायचो, मन लावून खेळा, एक दिवस मोठ्या मैदानात जाल. ते मोठं मैदानच जर दर वर्षी दुसऱ्याच्या गावात जाऊन बसणार असेल, तर मी सांगू काय?

तो पोरगा चार दिवसांनी बोलायला आला. राग गेला होता. मला म्हणाला, "आजोबा, पुढच्या वर्षी कुठे आहे?" मी म्हटलं, कुठेही असो, तू आणि मी जाणार, दिल्लीला असेल तर दिल्लीला. म्हटलं खरं, पण रेल्वेच्या तिकिटाचे आणि राहण्याचे पैसे मनात मोजले तेव्हा पेन्शनीत ते कसे बसवायचे हे मलाही कळेना. अलिबाग-पुणे एस्टी मात्र मला परवडते.