जेथे व्याधी नाही, तेथे औषध कशास?

पुरुषाच्या जननेंद्रियावर दिसणारा प्रत्येक दाणा हा व्याधी नव्हे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तरीही अशा दाण्यांसाठी रक्तशुद्धीचे काढे आणि मलमे दिली जातात, क्वचित क्षारही लावला जातो. ही प्रथा थांबली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहारात दोन अवस्था वारंवार आढळतात. पहिलीत शिश्नमण्याच्या कडेवर एक वा अधिक ओळींत, मांडून ठेवल्यासारखे, एकाच आकाराचे मोतिया दाणे दिसतात. ते साधारणतः एक-दोन मिलिमीटरचे असतात. आधुनिक शास्त्रात त्यांस ‘पर्ली पॅप्यूल्स’ म्हणतात. दुसरीत शिश्नाच्या वा वृषणाच्या त्वचेवर फिकट पिवळसर ठिपके असतात व त्वचा ताणली असता ते अधिक स्पष्ट होतात. हे ‘फोर्डाइस स्पॉट्स’, म्हणजे केसाविना असलेल्या तैलग्रंथी होत. दोहोंतही कंडू, वेदना वा स्राव नसतो. दोन्ही संसर्गजन्य नाहीत. समागमाशी वा अस्वच्छतेशी त्यांचा संबंध नाही आणि पत्नीस त्यांपासून कोणतीही बाधा होत नाही.

येथे काही वैद्यबंधू सुश्रुतसंहितेकडे बोट दाखवतील. निदानस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अठरा शूकदोष वर्णिले असून त्यांतील सर्षपिका पांढऱ्या मोहरीसारखी सांगितली आहे. परंतु आकारसाम्य म्हणजे निदान नव्हे. आचार्यांनी तेथे हेतूही सांगितला आहे. लिंगवृद्धीच्या इच्छेने शूकाचा अयोग्य प्रयोग करणाऱ्यास हे विकार होतात. जेथे तो हेतू नाही, दोषदुष्टीचे लक्षण नाही, तेथे केवळ रूपावरून सर्षपिका म्हणणे ग्रंथास धरून नाही. उलट, जाहिरातीतील तेले व लेप लावून दाह, शोथ वा व्रण घेऊन आलेल्या तरुणास पाहताना हा अध्याय अवश्य आठवावा.

याचा अर्थ न तपासता ‘काही नाही’ म्हणून बोळवण करावी, असा नव्हे. खडबडीत, वाढत जाणारे, विस्कळीत अंकुर चामखिळीचे असू शकतात. मध्यभागी खळगा असलेले दाणे, रात्री वाढणारी खाज, वेदनारहित व्रण, जांघेतील गाठी यांपैकी काहीही आढळल्यास रक्ततपासणी व त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला यांत विलंब नको. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तिन्हींनंतर दिलेले आश्वासनच रुग्णास पटते.

मग औषध का दिले जाते? कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वैद्याचे शुल्क औषधाच्या पुडीतच धरलेले असते. पुडी दिली नाही तर अर्धा तास फुकट गेला, असे वैद्यास वाटते आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या रुग्णासही फसल्यासारखे वाटते. यावर उपाय एकच: तपासणीचे शुल्क उघडपणे घ्यावे आणि निरोगी माणसास निरोगी म्हणावे. दिलेले औषध त्याच्या मनातील शंका पक्की करते. दाणे जात नाहीत, कारण ते जाण्यासारखे नसतातच. मग तो दुसऱ्या वैद्याकडे, पुढे भोंदूंकडे जातो आणि विवाह लांबणीवर टाकतो. क्षार वा दाहक लेपाने त्या नाजूक त्वचेवर व्रण व कायमचा व्रणचिन्हदोष राहू शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. संकोचामुळे हा तरुण वैद्याआधी दुकानाच्या फळीशी येतो. त्यास न पाहताच स्टिरॉइडयुक्त मिश्र मलम हाती देऊ नये. त्याने त्वचा पातळ होते व खरा रोग असल्यास झाकला जातो. गुप्तरोगांवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादुई उपचार अधिनियमाने मनाई आहे. तशी पत्रके फळीवर ठेवू नयेत.

औषध न देण्याचा निर्णय हाही वैद्याच्याच ज्ञानाचा भाग आहे. तो घेण्याचे धैर्य दाखविल्यास शास्त्राची प्रतिष्ठा वाढेल आणि एक निरोगी तरुण निःशंक मनाने घरी जाईल.