एफ काही लागेना!

कॉलेजात असताना गिटार शिकायला घेतली आणि अर्ध्यात सोडली? मग तुम्ही आमच्यातलेच, बसा!

'कयामत से कयामत तक' आला १९८८ मध्ये. मी तो टीव्हीवर पाहिला १९९७ ला, अकरावीत. आमिर खानच्या हातात गिटार दिसली आणि ठरलं. प्रॉब्लेम एकच, आम्ही उस्मानाबादचे. (हो, आताचं धाराशिव.) ओळखीतली मुलं हार्मोनियम-तबला शिकायची, गांधर्वच्या परीक्षा द्यायची. गिटार शिकवणारं मात्र कुणी सापडेना.

बाबा मास्तर. दिवाळीच्या सण-अग्रिमातून त्यांनी मुकाट पैसे काढून दिले. तुळजापूरमार्गे एसटीनं सोलापूर गाठलं आणि येताना अख्खा रस्ता गिटार मांडीवर, लहान बाळासारखी!

गुरू म्हणजे एक पातळसं पुस्तक. जी, सी, डी जमले. अडलं एफपाशी. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या. आवाज यायचा तो पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा. बोटांना घट्टे पडले, एफ काही लागेना. त्यात सगळ्यात बारीक तार तुटली, की पुढची सोलापूर फेरी होईपर्यंत पाच तारांवर संसार.

नवरात्रात दारी गोंधळी आले. तुणतुणंवाल्या काकांनी गिटार निरखली. म्हणाले, "आमचं एका तारेत भागतंय. तुमाला सहा कशापायी?" मग तुणतुणं छेडत, नुसत्या कानानं सांगत गेले, ही चढवा, ही उतरवा. माझी गिटार पहिल्यांदा सुरात लागली ती त्या दिवशी.

पुढं बारावीचे मार्क्स घसरले. बाबांनी एक शब्द न बोलता गिटार माळ्यावर टाकली. मीही मागितली नाही. मग इंजिनीअरिंग, पुणे, आयटी, ईएमआय. मनात मात्र एक अढी राहिलीच, यांना गाण्यातलं काय कळतं?

मागच्या वर्षी बाबा गेले. घर आवरताना माळ्यावरून गिटार काढली. आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेली, धुळीचा कण नाही. आणि सहाही तारा सैल केलेल्या. ताणलेल्या तारांनी वर्षानुवर्षं ओढ दिली तर गिटारची मान वाकते. हे बाबांना कुणी सांगितलं?

आई म्हणाली, "त्या तुणतुणंवाल्याला विचारलं होतं त्यांनी. दर नवरात्रात खाली काढून पुसायचे. म्हणायचे, मागेल तो एक दिवस."

मी वीस-पंचवीस वर्षं मागितलीच नाही. आणि त्यांनीही 'घे' म्हटलं नाही. दोघंही तसलेच.

आता पुण्यात नव्या तारा चढवल्यात. ट्यूनर मोबाइलमध्येच आहे, शिकवायला यूट्यूब. एफ अजूनही लागत नाही. पण रोज रात्री बोटं दुखतात, आणि बरं वाटतं.

या दिवाळीला घरी गेलात, तर माळ्यावर एकदा डोकावून बघा.