तांब्या राहू द्या, माती बदला

झाईहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. पाणी घातल्याचे त्यांना स्मरत नाही, त्यामुळे पडवीतल्या होयाच्या वेलीला त्या दिवसातून चार-पाच वेळा पाणी घालतात. पाने पिवळी पडून गळू लागली, म्हणून सुनेने तांब्या लपवला. तेव्हापासून सासूबाई अबोल झाल्या आहेत. वेल जपावी की सासूबाईंचे मन, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तांब्या परत द्यावा. बदलायची आहे ती कुंडीतली माती.

होया ही बहुधा झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारी वेल. आपल्या सह्याद्रीतही तिच्या जाती आढळतात. ती झाडाचा रस शोषत नाही, केवळ आधार घेते. रानात पावसाने तिची मुळे भिजतात, परंतु सालीवरून पाणी लगेच ओघळते आणि मुळांना हवा मिळते. चिकट मातीत ती हवा बंद होते व मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी घेऊ शकत नाहीत. त्यामुळे पाने सुरकुततात आणि वेल तहानलेली भासते. मग आणखी पाणी! ही चूक स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांकडूनही होते. माझ्याकडूनही झाली आहे.

नारळाच्या सोडणांचे तुकडे दोन-तीन दिवस, पाणी बदलत, भिजवावेत. त्यांत लाकडी कोळसा, विटांचे खडे आणि चिकूच्या वाडीतला मूठभर कुजलेला पाला मिसळावा. काळी, मऊ मुळे कापून वेल भरपूर भोकांच्या मातीच्या कुंडीत लावावी. आता जादा पाणी वाहून जाईल. तरीही तांब्या लहानच द्यावा.

कुंडी पडवीच्या कडेला, पाणी बाहेर अंगणात गळेल अशी ठेवावी. ओली फरशी वृद्धांचा घात करते. डोक्यावर टांगू नये, बसल्या जागी हात पोहोचावा. खाली बशी नको, तिच्यात डासांची पैदास होते. सकाळचे कोवळे ऊन पुरे. समुद्रावरच्या वाऱ्याने पानांवर खार बसतो. ओल्या फडक्याने पाने पुसण्याचे काम सासूबाईंकडे सोपवावे. त्यात वेळ जातो आणि पाण्याची आठवणही कमी होते. वेलीचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. पान तुटल्यास हात धुवावेत.

विसराळूपणा चार-सहा दिवसांत एकाएकी वाढला असेल, तर मात्र वेलीपाशी थांबू नये. लघवीचा संसर्ग किंवा नवे औषधही त्याला कारण असू शकते; डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

आणखी एक. फुलांचा गुच्छ गळल्यावर मागे उरलेला आखूड दांडा वाळका दिसतो, पण पुढचा बहर बहुधा त्याच दांड्यावर येतो. सासूबाईंना वाळके खुडण्याची सवय असल्यास त्या दांड्याला लाल दोरा बांधून ठेवावा.