घटना कोणत्या पिढीची?

नरडाण्यातील एका तरुणाने परवा विचारले, "१९४९ साली मी जन्मलोच नव्हतो, मग ‘आम्ही भारताचे लोक’ यात मी कसा?" प्रश्न रास्त आहे. घटना समिती प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती, म्हणून १९४६ साली समाजवाद्यांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. (तो चुकला, असे आमचे मत.) २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनीच जेफर्सनचा दाखला देऊन सांगितले की, एका पिढीने पुढच्या पिढीस बांधून टाकू नये. यास्तव दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली आहे. ही वाट हाती असताना जी पिढी घटना राखते, तीही तिची कर्तीच होय.

परंतु त्यासाठी मतपेटी हवी. १९७६ साली लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवली. एके काळी धुळ्याच्या तुरुंगात राहिलेले मधु लिमये तेव्हा स्थानबद्ध होते. त्यांनी निषेधार्थ सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्याच सभेने बेचाळिसाव्या दुरुस्तीने प्रास्ताविकेत ‘समाजवादी’ शब्द घातला. शब्द आमच्या आवडीचा, पण जनतेला न विचारता आलेला! १९७७ साली निवडून आलेल्या संसदेने पुढील वर्षी सभागृहाची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली आणि तो शब्द मात्र राहू दिला. आम्ही तो आपला मानतो, तो तेव्हापासून.